चारातली तीन मुलं आळशी? हा आकडा निघतो कसा

भारतातली 11 ते 17 वयाची सुमारे 74 टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नाहीत, असं वाचलं की मोबाइलवर खापर फोडून आपण मोकळे होतो. हा अंदाज 2016 सालचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी तो 2019च्या अखेरीस मांडला. जगाचा आकडा 81 टक्के होता, दक्षिण कोरियाचा 94, बांगलादेशाचा 66. म्हणजे आपण त्यातल्या त्यात बरेच! पण हे मोजलं कसं?

मुख्यतः शाळेत, प्रश्नावली भरून घेऊन. प्रश्न साधारण असा असतो: गेल्या सात दिवसांत किती दिवस तू एकूण किमान 60 मिनिटं शारीरिक हालचाल केलीस? ‘सातही दिवस’ असं उत्तर आलं नाही, तर मूल नापास. सहा दिवस कबड्डी खेळून सातव्या दिवशी मामाच्या लग्नाला गेलेला मुलगाही नापासच. त्यात प्रश्न विचारला जातो तो वर्गात हजर असलेल्यांनाच. शाळा सोडून ऊसतोडीला गेलेली मुलं मोजणीत येणारच नाहीत. भारतात अशी प्रश्नावली 2007 मध्ये सीबीएसईच्या शाळांत भरून घेतली होती. जिल्हा परिषदेच्या शाळांचं चित्र तिच्यातून कसं दिसणार?

कोणती हालचाल धरायची, हाही पेच आहेच. स्वस्थ बसल्यावर शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, तिच्या किमान तिप्पट खर्च झाली तर ती ‘मध्यम’ हालचाल. बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागतो. पाण्याचे हंडे वाहणाऱ्या मुलीला ही व्याख्या सहज लागू पडते. पण प्रश्नावली भरताना हंडा तिच्या मनात येईलच असं नाही. भारतातल्या मुलांचा आकडा त्यातल्या त्यात बरा असण्यामागे गल्लीतलं क्रिकेट असावं आणि मुलींच्या बाबतीत घरकाम, असा तर्क त्या संशोधकांनीच केला होता. बाउंड्रीवर उभं राहून कंटाळलेल्या फिल्डरचं काय, हा माझा प्रश्न.

आठवणीवर भरवसा नको, तर कमरेला अ‍ॅक्सेलरोमीटर बांधतात. काड्यापेटीएवढं हे यंत्र शरीराला बसणारे हिसके नोंदवतं आणि ठरावीक वेळाच्या बेरजेला ‘काउंट’ म्हणतात. मुलांसाठी बरेचदा मिनिटाला 2,296 काउंटच्या वर मध्यम हालचाल धरतात. मुलं मात्र दहा सेकंद सुसाट पळतात आणि थांबतात. मिनिटभराची बेरीज घेतली तर ती धाव विरून जाते. म्हणून 15 सेकंदांचे किंवा त्याहून लहान तुकडे पाडतात. सायकल चालवताना कंबर फारशी हलत नाही, त्यामुळे ते श्रम कमी दिसतात. पोहायला जाताना तर पट्टा काढूनच ठेवतात.

2020 मध्ये निकषही बदलला: रोज 60 मिनिटांऐवजी आठवड्याची सरासरी रोज 60 मिनिटं. सोमवार ते शुक्रवार 45 मिनिटं आणि शनिवार-रविवारी दोन-दोन तास खेळणाऱ्या मुलीची सरासरी 66 मिनिटं येते. नव्या नियमाने ती पास. जुन्या प्रश्नाला मात्र ती प्रामाणिकपणे ‘दोन दिवस’ असंच उत्तर देईल.