सही कुणाची?

शाबान महिन्यातली गोष्ट. माझी एक जुनी विद्यार्थिनी भर दुपारी घरी आली. कडेवर लहानगा, हातात इस्पितळाचा कागद. सिझेरियन होऊन वर्षही झालं नव्हतं आणि पुन्हा दिवस राहिले होते. आठवा आठवडा. अंगात रक्त कमी, म्हणून डॉक्टरांनी हे बाळंतपण धोक्याचं ठरेल असं सांगितलेलं. शौहर कतारला. फोनवर बोलणं झालं होतं, तोही राजी होता. पण काउंटरवरून सांगण्यात आलं, "नवऱ्याची सही आणा. तो नसेल तर घरातल्या कुणा पुरुषाची."

"टीचर, मोठ्या दिरांना सांगायचं का हो हे?" एवढं विचारलं आणि ती रडायलाच लागली.

दीनी बाजू तिने आलिमांना विचारून घेतली होती. १२० दिवसांच्या आत खऱ्या उज्रासाठी इजाजत देणारे फुकहा आहेत, न देणारेही आहेत. तो माझा अधिकार नाही. कागद मात्र मी वाचू शकत होते.

तो इंग्रजीत होता आणि ती उर्दू माध्यमातली. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याखालचा 'फॉर्म सी'. मजकूर जेमतेम एका वाक्याचा : मी अमुक, अमुक यांची मुलगी किंवा पत्नी, वय इतकं, राहणार इथे, माझा गर्भ काढण्यास संमती देते. नवऱ्याचं नाव येतं ते फक्त ओळखीपुरतं. त्याच्या सहीला जागाच नाही. कायद्याचं कलम ३(४) सांगतं की संमती लागते ती गर्भवती स्त्रीची. ती अठरा वर्षांखालची किंवा मानसिक रुग्ण असेल तरच पालकाची लेखी संमती लागते. आपल्या संमतीशिवाय गर्भपात झाला म्हणून नुकसानभरपाई मागणाऱ्या एका नवऱ्याचा दावा पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने फेटाळला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. २०२२ च्या निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की घरच्यांची संमती मागण्यासारख्या जादा अटी डॉक्टरांनी घालू नयेत. शिवाय २०२१ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५अ प्रमाणे तिचं नाव उघड करणं हा गुन्हा आहे. आणि इथे दिरांना बोलवा म्हणत होते!

याची दुसरी बाजू आपल्या घरांत जास्त दिसते, म्हणून लिहिते. बाई नको म्हणत असताना सासरच्यांनी ठरवून टाकायचं आणि तिला गाडीत बसवायचं. तिच्या संमतीवाचून गर्भपात करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ खाली गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. मुलगी आहे म्हणून पाडणं तर तिची सही असली तरी बेकायदाच.

पण नुसती सही म्हणजे संमती का? फॉर्म सी मध्ये धोक्याचा एक शब्द नाही. ती उणीव २००८ च्या समीरा कोहली खटल्याने भरून निघते. त्यात बेशुद्ध पेशंटच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी गर्भाशय आणि बीजकोश काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती संमती मानली नाही. पेशंट सज्ञान होती, तातडीचा धोका नव्हता, तेव्हा तिलाच विचारायला हवं होतं. उपचार काय, कशासाठी, दुसरा पर्याय कोणता, मोठे धोके कोणते, न केल्यास काय होईल, हे पेशंटला आधी सांगायला हवं, असंही न्यायालयाने म्हटलं. आणि सांगायचं तर तिला कळेल अशा भाषेत, नाहीतर ते सांगणं कसलं?

दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले. भांडले नाही, कलम दाखवलं. डॉक्टरबाई आतून आल्या आणि नवऱ्याच्या सहीचा विषय तिथेच संपला. मग त्यांनी तिला मराठी-हिंदीत दहाएक मिनिटं समजावलं : गोळ्या कशा घ्यायच्या, रक्तस्राव किती दिवस, किती झाला तर लगेच यायचं. तिने दोन प्रश्न विचारले. एक बाळाला अंगावर पाजण्याचा होता. मग तिने उर्दूत सही केली.

कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला. "हे चालतं का?"

"चालतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.