एक मला, एक मैत्रिणीला

गारगोटीत शाळा सुटली की माझ्या दुकानात पहिली झुंबड उडते ती खोडरबरांच्या बरणीपाशी. वही-पेनवाली गिऱ्हाइकं पैसे देऊन निघून जातात, बरणीपाशी आलेल्या मुली मात्र हलत नाहीत. किटीचं खोडरबर, पिकाचूचं खोडरबर, लांब कानांचा पांढरा सिनॅमोरोल, सगळं तळहातावर मांडून बघायचं, वास घ्यायचा आणि मग विचारायचं, "मावशी, ह्यातली दोन हायत काय? सेम टू सेम पायजेत." स्टेशनरी-कटलरीच्या धंद्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. ही जपानी चित्रांची वस्तू मुली नुसती स्वतःसाठी घेत नाहीत. एक स्वतःला असते आणि एक मैत्रिणीला. भांडण झालं तर ती परत मागितली जाते, समेट झाला की पुन्हा दिली जाते. दहा रुपयांच्या रबराच्या अंगावर एवढी जबाबदारी असते.

म्हणून एखादे पालक काउंटरवर उभे राहून "कशाला हवंय असलं फालतू" म्हणाले की मला वाईट वाटतं. ती भेट आहे. आणि ज्या माणसाने हा धंदा जपानात उभा केला, त्याने तो भेटवस्तूंचा धंदा म्हणूनच उभा केला.

शिंतारो त्सुजी हे त्यांचं नाव. १९६० साली त्यांनी यामानाशी सिल्क सेंटर नावाची कंपनी काढली. पुढे रबरी चपला विकताना त्यांच्या ध्यानात आलं, की चपलेवर फूल काढलं तर तीच चप्पल जास्त खपते. पायाला आराम तेवढाच, फरक फक्त फुलाचा. आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कापशी चपलेचं कातडं कितीही चांगलं असो, गिऱ्हाईक आधी वेणी आणि गोंडा बघतं. त्सुजींनी मग चित्रकारच पगारावर ठेवले. १९७१ मध्ये टोकियोच्या शिंजुकू भागात त्यांनी 'गिफ्ट गेट' हे दुकान उघडलं, १९७३ मध्ये कंपनीचं नाव सॅनरिओ झालं आणि १९७४ मध्ये युको शिमिझू या तिथल्या चित्रकार बाईंनी लाल बो लावलेली किटी काढली. जगभर हॅलो किटी म्हणतात ती हीच.

किटीची पहिली वस्तू १९७५ मध्ये बाजारात आली. बाहुली नव्हे, खेळणंही नव्हे. चिल्लर ठेवायची एक इवलीशी प्लॅस्टिकची पर्स. किंमत २४० येन. तिच्यावर किटी बसलेली, एका बाजूला दुधाची बाटली, दुसऱ्या बाजूला माशाचं भांडं. दुकानदार म्हणून मला या निवडीचं फार कौतुक वाटतं. खाऊच्या पैशांतून घेता येईल, रोज हातात राहील आणि मैत्रिणीच्या हातावर ठेवताना कमीपणा वाटणार नाही, अशी वस्तू त्यांनी शोधली. आजही माझ्याकडे किटी खपते ती कंपासपेटीवर, क्लचरवर, टिफिनवर, किचेनवर. नुसतं शोभेचं खेळणं वर्षभर फळीवर धूळ खातं.

किटीला तोंड नाही, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. कंपनी सांगते, की बघणाऱ्याच्या मनात जे असेल ते तिच्या चेहऱ्यावर दिसावं. ते खरं आहे. वाढदिवसाची खरेदी करणारी मुलगी आणि चाचणीत मार्क कमी पडले म्हणून तोंड पाडून आलेली मुलगी एकाच स्टिकरच्या पानावर बोट ठेवतात, हे मी पाहिलेलं आहे. तिची बाकी जन्मपत्रिकाही कंपनीने ठरवून टाकली आहे: आडनाव व्हाइट, घर लंडनजवळ, उंची पाच सफरचंदांएवढी, वजन तीन सफरचंदांइतकं, जुळ्या बहिणीचं नाव मिमी. २०१४ मध्ये तर कंपनीने सांगितलं, की ती मांजर नसून लहान मुलगी आहे. आमच्या मुलींना त्यात काही नवल वाटलं नाही. त्या तिला कधीच 'मांजर' म्हणत नव्हत्या.

किटी बाजारात आली त्याच काळात जपानी शाळांतून आणखी एक लाट उठली होती. बारीक शिशाच्या, मागून दाबायच्या पेन्सिली मुलींच्या हाती आल्या आणि त्या गोल गोल, गुबगुबीत अक्षर काढू लागल्या. मधेच बदाम, मधेच चांदणी. शिक्षकांना ते वाचता येईना. काही शाळांनी तसल्या अक्षरावर बंदी घातली. कंपन्यांनी मात्र मुलींची आवड ओळखली आणि वह्या, पाकिटं, पेन्सिली त्याच गोलाईत घडवल्या. जपानीत याला 'कावाई' म्हणतात आणि आता माझ्या दुकानातही हा शब्द ऐकू येतो. रिलॅकुमा हे आळशी अस्वल काढणारी सॅन-एक्स कंपनीसुद्धा मुळात स्टेशनरीचीच. हे सगळं वाचल्यावर मला माझ्या धंद्याचा अभिमान वाटला. एवढ्या मोठ्या पसाऱ्याचं मूळ वही-पेन्सिलीच्या फळीवर आहे.

आमच्याकडे जपान आला तो मात्र टीव्हीवरून. २००५ मध्ये हंगामा चॅनलवर डोरेमॉन हिंदीतून सुरू झाला आणि भुदरगड तालुक्यातली पोरं डोरेमॉनचं हिंदी बोलायला लागली. जपानात तो १९६९च्या डिसेंबरपासून मासिकांत येत होता. फुजिको एफ. फुजिओ या टोपणनावाने लिहिणाऱ्या चित्रकाराचं हे काम. अभ्यासात ढ, खेळात मागे, दांडग्या जियानचा मार खाणारा नोबिता. त्याच्या मदतीला त्याच्याच खापरपणतूने भविष्यातून पाठवलेला यंत्रमानव. मुळात पिवळा आणि कानवाला. उंदराने कान खाल्ले आणि तो निळा पडला. पहिल्या नंबरच्या मुलाची गोष्ट सगळेच सांगतात, शेवटच्या बाकावरच्या मुलाला मित्र मिळाल्याची ही गोष्ट आहे. म्हणूनच तो इथे रुजला, असं माझं मत आहे. आता तो अंगणवाडीच्या भिंतीवर आहे, फोटोच्या केकवर आहे, आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला अमावास्येची गर्दी होते तिथल्या फुग्यांत आहे. आणि राखीपौर्णिमेला तर विचारूच नका. लहान भाऊ असलेली प्रत्येक बहीण आधी डोरेमॉन मागते, नाही मिळाला तर पिकाचू. गोंड्याची राखी मोठ्या भावांसाठी उरते.

टीव्हीवरच्याच शिनचॅनबद्दल आया तक्रार करतात, की पोरगं उलट बोलायला शिकलं. त्यांना मी एवढंच सांगते, की योशितो उसुई यांनी १९९० मध्ये ही चित्रमालिका मोठ्या माणसांच्या साप्ताहिकात सुरू केली होती. ती लहानांसाठी लिहिलेलीच नव्हती.

गेल्या काही वर्षांत वारं मोबाइलवरून येतं. आठवी-नववीच्या आणि कॉलेजच्या मुली रील दाखवून वस्तू मागतात. सॅनरिओचा सिनॅमोरोल २००१चा आणि काळी टोपी, टोपीवर कवटी असलेली कुरोमी २००५ची. पण आमच्याकडे त्या आत्ता पोचल्या. कुरोमी आवडणाऱ्या मुली थोड्या तिखट असतात आणि मला त्या फार आवडतात. दात विचकणारा लबूबूही 'जपानी' म्हणून मागितला जातो. तो जपानी नाही. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या कासिंग लुंग यांनी तो काढला आणि पॉप मार्ट ही चिनी कंपनी तो विकते. शहरातल्या मॉलमध्ये दिसणारं मिनिसोही चिनीच. जपानी थाटात दुकानं मांडल्याबद्दल त्या कंपनीने २०२२ मध्ये माफीही मागितली होती.

आता खऱ्या-खोट्याचं बोलते, कारण गिऱ्हाइकाला ते कुणी सांगत नाही. तालुक्याच्या बाजारात दहा-वीस रुपयांना मिळणारी किटी बहुतेक वेळा सॅनरिओची नसते. माल कोल्हापूरच्या होलसेलवाल्यांकडून येतो, त्यांच्याकडे मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून किंवा दिल्लीच्या सदर बाजारातून. चित्र वापरायचा परवाना कुणाचा, हे त्या वाटेत कुणी विचारत नाही. माझी भाची कंपनीच्या कामासाठी जपानला गेली होती, तिने माझ्यासाठी किटीचं छोटं पाऊच आणलं. ते मी काउंटरखाली ठेवलं आहे आणि कुणी विचारलं की काढून दाखवते. चेनचा लोलक ओढला तर अडकत नाही. आतल्या अस्तराची शिवण कडेपर्यंत सरळ गेली आहे, दोरा कुठे लोंबत नाही. बो छापलेला नाही, वेगळ्या कापडाचा शिवून लावलेला आहे. आतल्या बारीक पट्टीवर वर्तुळातलं सी, साल आणि कंपनीचं नाव. आपल्याकडच्या पाऊचवर असली पट्टी बहुधा नसते, असली तर स्पेलिंग चुकलेलं असतं.

चित्रावरूनही ओळखता येतं. किटीचा बो तिच्या डाव्या कानावर, म्हणजे बघणाऱ्याच्या उजव्या हाताला असतो. दुसऱ्या कानावर असेल आणि पिवळा असेल तर ती मिमी. दुसऱ्या कानावर असून लाल असेल तर ती कुणीच नाही. पिकाचूच्या कानांची टोकं काळी असतात, शेपटीचं टोक काळं नसतं. डोरेमॉनला बोटं नसतात. लबूबूचे दात मोजावेत, खऱ्याला नऊ असतात. मुलांना हे एकदा दाखवलं की ती आपल्यालाच शिकवायला लागतात.

पण खऱ्या-खोट्यापेक्षा मला काळजी वाटते ती मुलांच्या जिवाची. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची आहे, देशी असो वा परदेशी. खुणेसोबत परवान्याचा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. आयात खेळण्यांवरचा करही २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाला. त्यामुळे परदेशी खेळणी महागली आणि बिनखुणेच्या मालाचा मोह वाढला. माझ्या बाजूने मी दोन गोष्टी ठरवल्या आहेत. पाकीट फोडताच डोक्यात जाणारा प्लॅस्टिकचा वास आला, की तो माल परत. आणि लाइट लागणाऱ्या राख्यांत बटण सेलचं झाकण स्क्रूने बंद नसेल, तर ती राखी फळीवर लावायचीच नाही. तो चपटा सेल लहान मुलाने गिळला आणि घशात अडकला, तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. बहिणीने हौसेने बांधलेल्या राखीने असं व्हायला नको. फळांच्या वासाची खोडरबरंसुद्धा बालवाडीच्या मुलाला देऊ नका, ती चावतात.

वाढदिवसाची भेट घ्यायला येणाऱ्यांना माझा सल्ला ठरलेला आहे. शंभर रुपयांत मोठं दिसणारं काही घेऊ नका, बारकं पण पक्कं घ्या. ज्याला द्यायचं त्याला कोण आवडतं ते आधी विचारा. सॅकला अडकवायचं चांगलं किचेन दोन वर्षं शाळेत जातं.

आमच्या बाजारात एक जपानी वस्तू मोठ्यांच्याही दुकानांत दिसते आणि तिला सगळे चिनी समजतात: काउंटरवर हात हलवणारी सोनेरी मांजर. फेंगशुई म्हणून विकली जाते, पण ती मानेकी-नेको, म्हणजे अस्सल जपानी. टोकियोतल्या गोतोकुजी देवळात असल्या पांढऱ्या मांजरांच्या रांगाच्या रांगा आहेत. तिथली कथा अशी, की हिकोनेचा सरदार इइ नाओताका झाडाखाली थांबला असता देवळातल्या मांजराने पंजा हलवून त्याला आत बोलावलं आणि तो वादळातून वाचला. उजवा पंजा वर असेल तर पैसा येतो, डावा असेल तर गिऱ्हाईक, असं साधारण मानतात. मी डाव्या पंजाची ठेवली आहे.

त्याच कथेवरून हिकोने शहराने आपल्या किल्ल्याच्या चारशेव्या वर्षी, २००७ मध्ये, शिरस्त्राण घातलेलं हिकोन्यान नावाचं मांजर पुढे आणलं. कुमामोतो प्रांताने २०१० मध्ये लाल गालांचं काळं अस्वल काढलं, कुमामोन. त्यांनी एक फार मोठ्या मनाची गोष्ट केली: प्रांताच्या मालाचा प्रचार होत असेल तर परवानगी घ्या आणि चित्र फुकट वापरा. मग ते अस्वल टोमॅटोच्या खोक्यांपासून बिस्किटांच्या डब्यांपर्यंत सगळीकडे गेलं, आणि तो प्रांत जगाला ठाऊक झाला.

हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात भुदरगड घोळतोय. आमच्याकडे किल्ला आहे, मधाचं गाव म्हणून नावारूपाला आलेलं पाटगाव आहे, शेजारी राधानगरीच्या जंगलात गवा आहे. रुंद कपाळाचा, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा दिसणारा गवा किती गोड निघेल! उसात घुसतो म्हणून शेतकऱ्यांना तो पटणार नाही, तर शेकरू घ्या. झुपकेदार शेपटी आहे, राज्यप्राणी आहे. डोरेमॉनवर माझी माया आहेच, पण मुंबईहून आलेल्या पाहुण्याने गारगोटीची आठवण म्हणून काही मागितलं, तर त्याच्या हातावर ठेवायला माझ्या फळीवर आज काही नाही. चित्रकलेच्या सरांशी मी बोलले आहे. चित्र कुणाच्या मालकीचं आणि वापरायची परवानगी कोण देणार, एवढं लेखी ठरलं तर मधाच्या बाटलीचं लेबल आणि स्टिकरचं पान कोल्हापूरच्या प्रेसमध्ये चार दिवसांत छापून मिळतं.