डोंगरावरचं वऱ्हाड

दोस्तांनो, तुम्ही कधी दगडांचं लग्न पाहिलं आहे का? हसू नका! मुंबईहून नाशिककडे जाताना आसनगावच्या आसपास डाव्या हाताला एक लांबलचक डोंगर दिसतो. त्याच्या एका टोकाला करवतीच्या दात्यांसारखे सुळके उभे आहेत. जुन्या लोकांनी या सुळक्यांना नावे दिली आहेत. एक नवरा, एक नवरी, एक करवली आणि एक भटोबा, म्हणजे लग्न लावणारे भटजी! शेजारी वजीरही आहे. हा डोंगर म्हणजे माहुलीचा किल्ला.

हे दगडी वऱ्हाड मी पाहिले, ते एका खऱ्याखुऱ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. गेल्या डिसेंबरात माझ्या कॉलेजातल्या मित्राचे लग्न होते. त्याचे गाव वडपे, तालुका भिवंडी.

हळदीची रात्र

वडपे गाव महामार्गाला लागूनच आहे. मुंबई-नाशिक महामार्गाचा वडपे ते गोंदे हा टप्पा इथूनच सुरू होतो. जवळच्या आमणे गावाशी नागपूरहून येणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग येऊन टेकतो. त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यामुळे एका बाजूला भाताची खाचरे आणि दुसऱ्या बाजूला गोदामांची निळी-पांढरी छपरे, असा इथला देखावा आहे. रात्रभर ट्रकची घरघर चालूच.

आम्ही पोहोचलो तेव्हा मित्राच्या दारात मांडव पडला होता. घर आगरी. आगऱ्यांची हळद म्हणजे काय विचारता! अंगणात चुलींवर मोठमोठी पातेली, एका ओळीत बसून तांदळाच्या भाकऱ्या थापणाऱ्या बायका, मटणाच्या रश्श्याचा घमघमाट. मित्राच्या आईने, म्हणजे काकूंनी, आमच्या पिशव्या घेण्याआधीच विचारले, "जेवलास का रं बाला?" आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' होतो. म्हणून बाळाचा झाला बाला.

मांडवाच्या एका कोपऱ्यात डीजे होता. माणसाच्या उंचीचे स्पीकर! दणका असा, की छातीत धडधडायचे आणि पाण्याच्या पेल्यात तरंग उठायचे. आम्ही सगळे नाचत होतो. सगळ्यांत पुढे होती नवऱ्याची धाकटी बहीण, म्हणजे करवली. आठवीतली पोरगी. डीजेवाल्याला सारखी सांगायची, "दादा, अजून वाढव ना आवाज!"

पण मांडवाच्या दुसऱ्या टोकाला एक आजीबाई पाटावर बसल्या होत्या. समोर तांदळाच्या पिठाचा चौक काढलेला. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज काही ऐकू येत नव्हता. थोड्या वेळाने त्या थांबल्या आणि हात पुसत म्हणाल्या, "राहू दे. आता धवला कोन आयकतंय?"

नवरदेवाने ते ऐकले. अंगभर हळद, डोक्याला मुंडावळ्या, तशाच अवतारात तो उठला आणि थेट डीजेवाल्याकडे गेला. "अर्धा तास बंद कर. आजीचं झालं, की रात्रभर वाजव." पोरांनी जरा कुरकुर केली. करवलीने तर नाकच मुरडले. पण डीजे बंद झाला.

धवलारीण म्हणजे कोण?

ती आजी मित्राची सख्खी आजी आणि गावातली धवलारीण. लग्नाच्या वेळी गायच्या गीताला 'धवळा' म्हणतात. आगरी बोलीत धवला. तो गाणारी ती धवलारीण. ठाणे, पालघर, रायगड या पट्ट्यात आगरी, वारली अशा समाजांत लग्नाचे विधी बायका गाण्यांतून पार पाडतात. वारल्यांमध्ये तिला धवलेरी म्हणतात. हळद लावायची वेळ झाली की तिचे गाणे हवे, मांडवाची पूजा असली की तिचे गाणे हवे. एकेका कामाला एकेक धवळा ठरलेला.

हा शब्द किती जुना आहे माहीत आहे? तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने श्रीकृष्ण आणि रुक्मिणीच्या विवाहावर धवळे रचले. म्हणूनच तिला मराठीतली पहिली कवयित्री म्हणतात. म्हणजे आजीच्या ओठांवरचा तो शब्द सातशे वर्षांहून जुना! फरक एवढाच, की महदंबेचे धवळे पोथ्यांत लिहून ठेवले गेले म्हणून आज आपल्याला वाचता येतात. आजीचे धवळे कुणी लिहिलेच नव्हते. ते फक्त तिच्या डोक्यात होते.

आजीने सुरुवात केली. आवाज थरथरणारा, पण सूर पक्का. धवळ्यात ती लग्नाचे आवतण देत होती. चांदसूर्याला आवतण, गावदेवीला आवतण, वाडवडिलांना आवतण. पोरे हळूहळू गप्प झाली. महामार्गावरच्या ट्रकचा आवाज तेवढा येत होता.

आणि मध्येच आजी अडखळली. पुढचे कडवे आठवेना. तिने सवयीने शेजारी पाहिले, पण शेजारचा पाट रिकामा होता. तिच्या जोडीने गाणारी बाई मागच्या पावसाळ्यात वारली होती. इतकी वर्षे एकीचे चुकले की दुसरी सावरून घ्यायची. आता मांडवात दोनशे माणसे होती, पण पुढचा शब्द सांगणारे कुणीच नव्हते. आजी क्षणभर थांबली, ते कडवे सोडून दिले आणि पुढचा धवळा म्हणू लागली.

कुणाच्या फारसे लक्षात आले नाही. पण करवलीच्या आले. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

चला माहुलीला

दुसऱ्या दिवशी लग्न थाटात लागले. तिसऱ्या दिवशी नवरा-नवरी देवदर्शनाला वज्रेश्वरीला गेले आणि आम्ही मित्रांनी माहुली गाठायचे ठरवले. करवली हटूनच बसली, "मीपण येणार!" तिचा चुलतभाऊ बरोबर होता, म्हणून काकूंनी परवानगी दिली. वर चटणी-भाकरीचे गाठोडेही दिले.

पहाटे पाचला जीपने निघालो. पडघा, वाशिंद मागे टाकत आसनगाव. तिथून पाचेक किलोमीटरवर डोंगराच्या पायथ्याशी माहुली गाव आहे. गावाजवळ महादेवाचे देऊळ आहे. गावातला एक दादा वाट दाखवायला बरोबर घेतला. हा सगळा भाग तानसा अभयारण्याचा. जंगल दाट, वाटा फसव्या, त्यामुळे माहीतगार माणूस हवाच.

चढ चांगलाच दमवणारा. साग, ऐन, बांबू आणि कारवीतून दोन-अडीच तास नुसते वर वर जायचे. शेवटी एक लोखंडी शिडी लागते. ती चढलो आणि गडावर पाऊल ठेवले. माहुलीची उंची २८१५ फूट, म्हणजे सुमारे ८५८ मीटर. खाली तानसा तलाव आरशासारखा चमकत होता. याच तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते.

माहुली म्हणजे एक नव्हे, शेजारी शेजारी तीन किल्ले. उत्तरेला पळसगड, मध्ये माहुली आणि दक्षिणेला भंडारगड. वर महादरवाजाचे अवशेष आणि पहारेकऱ्यांच्या देवड्या अजून पाहायला मिळतात. निजामशाहीच्या शेवटच्या दिवसांत शहाजीराजांनी लहानग्या निजामशहाला घेऊन याच गडाचा आसरा घेतला होता. मोगल आणि आदिलशाही फौजांनी गडाला वेढा घातला. १६३६ मध्ये गड द्यावा लागला आणि निजामशाही संपली. पुढे शिवाजी महाराजांनी गड स्वराज्यात आणला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला, आणि १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो परत जिंकला.

दादाच्या मागोमाग रान तुडवत आम्ही भंडारगडाच्या दक्षिण टोकाला पोहोचलो. समोर पाहतो तर काय, सगळे वऱ्हाड हजर! नवरा, नवरी, भटोबा. अगदी हाक मारली तर 'ओ' देतील इतके जवळ.

हे सुळके कसे तयार झाले असतील? सह्याद्रीचा काळा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. थंड होताना त्याला भेगा पडल्या. त्या भेगांत लाखो पावसाळे पाणी शिरले. कच्चा भाग झिजून, ढासळून गेला आणि टणक भाग तेवढे उभे राहिले. आजही हे झिजणे थांबलेले नाही. फक्त ते इतके सावकाश चालते, की आपल्याला दिसत नाही.

भाकरी खाता खाता करवली त्या सुळक्यांकडे बघत होती. एकदम म्हणाली, "दादा, यात नवरा आहे, नवरी आहे, भटजी आहे, करवलीपण आहे. मग धवलारीण कुठाय?"

वाट दाखवणारा दादा डोके खाजवू लागला. "आता ते नाव ठेवनाऱ्याला इचारायला पायजे. आमी ऐकलं तेवढं सांगतो."

आम्ही हसलो, पण ती हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या रात्री मी मोबाईलवर आजीचं सगळं शूट केलंय. काल लावून बघितलं. निम्म्या व्हिडिओत डीजेच ऐकू येतो. आणि आवाज वाढवायला मीच सांगत होते."

यावर काय बोलावे, ते आम्हांला सुचले नाही. नाचत तर आम्हीही होतो ना!

हरवलेले कडवे

संध्याकाळी वडप्याला परतलो. पाय भरून आले होते. पण करवलीने हातपाय धुतले आणि शंभर पानी वही घेऊन ती आजीपाशी जाऊन बसली. "आजी, त्या दिवशी राहिलेलं कडवं सांग ना."

"असं इचारल्यावर नाय येत गं पोरी."

आजी खरेच सांगत होती. धवळे तिने पुस्तकातून पाठ केलेले नव्हतेच. हळद लावता लावता, चौक भरता भरता ती ते शिकली होती. हाताला काम नसले की तोंडाला शब्दही येत नसत. तुम्हीसुद्धा करून बघा. पाढे मध्येच कुठूनतरी विचारले की आपण गडबडतो, पण पहिल्यापासून ठेक्यात म्हटले की भराभर येतात. तसेच हे.

करवली उठली. स्वयंपाकघरातून तांदळाचे पीठ आणि पाट घेऊन आली. "मग चौक काढ."

"आता? लगीन तं झालं!"

"माझ्यासाठी काढ."

आजी हसली. चिमटीत पीठ घेतले आणि रेघा ओढायला लागली. ओढता ओढता गुणगुणू लागली. पहिली ओळ, दुसरी ओळ... चौकाच्या तिसऱ्या कोपऱ्यापाशी तिचा हात वळला आणि ते कडवे आपोआप तोंडातून बाहेर पडले! आजी स्वतःच चकित झाली. करवलीने पटापट लिहून घेतले. एकदा तिने 'ल'च्या जागी शाळेतल्यासारखा 'ळ' लिहिला आणि वाचून दाखवला, तर आजी म्हणाली, "बोलतंय तसंच लिव."

त्या रात्री वहीची अकरा पाने भरली. सगळेच मिळाले असे नाही. जोडीदारीण ज्या ओळी म्हणायची, त्यांतल्या काही आजीला येत नव्हत्या. त्या गेल्या. वहीत करवलीने तिथे जागा कोरी सोडली आहे. शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंना त्या येत असतील, असे आजी म्हणते. मे महिन्याच्या सुट्टीत दोघी तिकडे जाणार आहेत.

आणि बरे का, डीजे वाईट असे मुळीच नाही! करवली अजूनही सगळ्यांत पुढे नाचते. घरात फक्त एक नियम झाला आहे. धवळे चालू असताना डीजे बंद.

दोस्तांनो, तुमच्या घरी, शेजारी, गावीही अशी एखादी आजी असेल. ओव्या येणारी, भोंडल्याची गाणी येणारी, नाहीतर नुसती झोपताना म्हणायची अंगाई येणारी. या सुट्टीत वही-पेन्सिल घेऊन तिच्यापाशी बसा. आणि हो, प्रश्न विचारण्याआधी तिच्या हाताला काहीतरी काम द्या!

माहुलीला जायचे असेल तर

• मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर आसनगाव स्टेशन आहे. तिथून माहुली गावापर्यंत रिक्षा मिळते.
• मोठ्या माणसांशिवाय जाऊ नका. गावातला माहीतगार वाटाड्या बरोबर घ्या.
• माणशी निदान तीन लिटर पाणी हवे. पहाटे चढायला लागा आणि अंधार पडण्याआधी खाली उतरा.
• सुळके लांबूनच पाहायचे. त्यांवर चढणे हे दोर आणि साहित्य वापरणाऱ्या, शिकलेल्या गिर्यारोहकांचे काम.
• अभयारण्य आहे, तेव्हा आरडाओरडा नको, कचरा नको. गाणे म्हणायचेच असेल, तर स्पीकर घरी ठेवून या!