आराम कसला? पदरमोड करून सक्तीची मजुरी!

दुसऱ्या महायुद्धात बंदूक धरायला नकार देणाऱ्या अमेरिकी तरुणांबद्दलचा एक समज काही केल्या जात नाही: बाकीचे रणांगणावर मरत होते, तेव्हा हे सरकारी खर्चाने जंगलात मजेत राहत होते.

कसला सरकारी खर्च? 1940 च्या सक्तीच्या लष्करभरती कायद्याने अशांना 'राष्ट्रीय महत्त्वाचं काम' नेमून दिलं आणि 1941 पासून 'सिव्हिलियन पब्लिक सर्व्हिस'च्या छावण्या उघडल्या. सुमारे 12,000 जण तिथे राबले. झाडं लावायची, बांधबंदिस्ती करायची, वणवे विझवायचे; आठवड्याचे सहा दिवस. मजुरी शून्य. जेवणखाणाचा भार मेनोनाइट, ब्रेदरन आणि क्वेकर चर्चांवर, आणि ज्याला झेपेल त्याने त्यासाठी दरमहा 35 डॉलर स्वतःच भरायचे! हातखर्चाला महिन्याला अडीच डॉलर. त्याच अमेरिकेत जर्मन युद्धकैद्याला मात्र कामाचे दिवसाला 80 सेंट मिळत. गायीगुरांच्या गोठ्यांवर पाठवलेल्यांची मजुरी शेतकरी भरत, पण ती जाऊन पडे सरकारी खजिन्यात. बायकापोरांना भत्ता नाही, कामावर जायबंदी झाल्यास भरपाई नाही. याला मजा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

शिस्तीची गोष्ट आणखी मजेशीर. कायद्यात देखरेख 'नागरी' असेल असं स्पष्ट लिहिलं होतं. छावण्यांची सूत्रं मात्र कर्नल लुईस कॉश या लष्करी अधिकाऱ्याच्या हातात. फटके नव्हते. रजा कापली जाई, लांब बदली होई आणि कामाला साफ नकार दिलाच तर खटला: पाच वर्षांपर्यंत कैद, 10,000 डॉलरपर्यंत दंड. न जुमानणाऱ्यांसाठी सरकारने 1944 मध्ये मिशिगनमधल्या जर्मफास्कला वेगळी छावणी काढली. तिथली मंडळी कामावर जात, पण इतकी रेंगाळत की मुकादम टेकीला येत. यांच्यातल्याच कॉर्बेट बिशप यांनी तर तुरुंगात अंगच सैल सोडलं: चालणार नाही, जेवणार नाही. पहारेकऱ्यांनी उचलून न्यायचं, नळीने भरवायचं. अखेर मार्च 1946 मध्ये सरकारनेच हात टेकले आणि कुठलीही अट न घालता त्यांना सोडलं.

आता किरकोळ समज.

'सगळे क्वेकर होते.' मेनोनाइट त्यांच्या चौपटीहून जास्त होते.

'भित्रे होते.' मोंटानात विमानातून वणव्यांत उड्या टाकणारे यांच्यातलेच. मिनेसोटा विद्यापीठातल्या उपासमारीच्या प्रयोगात सहा महिने अर्धपोटी राहून जवळपास पाव वजन घालवायला पुढे आलेले 36 जणही यांच्यातलेच.

'"हॅकसॉ रिज" चित्रपटातला डेस्मंड डॉस असाच.' नाही. तो गणवेशातला लष्करी शुश्रूषक होता. छावणीतला मजूर नव्हे.

'युद्ध संपलं, सुटले.' शेवटचे लोक सुटले मार्च 1947 मध्ये. सैनिकांना मिळालेली कॉलेजची फी आणि घरकर्जाची सवलत यांच्या वाट्याला आली नाही.