'म्हणे'च्या बेटावर

ग्लास्टनबरीच्या पडक्या मठात, जिथे पूर्वी मोठ्या चर्चचा गाभारा होता तिथे आता हिरवळ आहे. त्या हिरवळीत कडा आखून एक लांबट चौकोन राखलाय आणि शेजारी फलक लावलाय. राजा आर्थरच्या थडग्याची ही जागा, असं फलक सांगतो. पण त्याची भाषा सावध आहे. आर्थर आणि त्याच्या राणीचे अवशेष ११९१ साली सापडले, असं तो ठामपणे म्हणत नाही. सापडल्याचं सांगतात, एवढंच म्हणतो. आपल्याकडे त्यासाठी एकच शब्द पुरतो: म्हणे. हे गाव पाहायचं तर या शब्दाचा हात धरून पाहावं, असं मला वाटतं.

नैर्ऋत्य इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातलं हे जेमतेम नऊ हजार वस्तीचं गाव. इथली रेल्वे १९६६ मध्ये बंद झाली, त्यामुळे ब्रिस्टलपर्यंत रेल्वेने जायचं आणि पुढे बस धरायची. गाव येण्याच्या कितीतरी आधी खिडकीतून टॉर दिसू लागतो. सपाट कुरणांमधून एकदम उठलेली १५८ मीटर उंचीची टेकडी आणि माथ्यावर छप्पर नसलेला एकटा मनोरा. तिथलं संत मायकेलचं जुनं चर्च १२७५ च्या भूकंपात पडलं, ते पुन्हा बांधलं गेलं आणि त्या दुसऱ्या चर्चचा आता फक्त मनोरा उरलाय.

टॉर एवढा का भुरळ घालतो, याचं उत्तर पायथ्याच्या पाण्यात आहे. भोवतीचा प्रदेश एकेकाळी दलदलीचा होता. शतकानुशतकं चर खणून, बांध घालून त्याची कुरणं झाली. त्याआधी ही टेकडी पाण्यातून वर आलेल्या भूशिरासारखी, जवळजवळ बेटच होती. आजही हिवाळ्यातल्या सकाळी धुकं दाटलं की कुरणं दिसेनाशी होतात आणि टॉर पुन्हा बेट होतो. दंतकथेतला राजा आर्थर जखमी होऊन जिथे गेला ते ॲव्हलॉन बेट हेच, असं लोकांना वाटावं यात नवल नाही. त्या नावाचा संबंध जुन्या वेल्श भाषेतल्या सफरचंदाशी जोडतात आणि सॉमरसेट तर सफरचंदांच्या बागांचाच मुलूख.

या दलदलीने खरोखरच्या गोष्टीही जपून ठेवल्या आहेत. गावाच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर १९७० मध्ये पीटच्या थराखाली लाकडी फळ्यांची पायवाट सापडली. लाकडातली वर्षवलयं मोजून तिचं वय इतकं नेमकं ठरलं की ऐकून थक्क व्हायला होतं: इसवी सनापूर्वी ३८०७ किंवा ३८०६. चिखलावरून पलीकडे जाता यावं म्हणून शेतकऱ्यांनी सुमारे दोन किलोमीटर फळ्या टाकल्या होत्या. त्या वाटेजवळ आल्प्स पर्वतातल्या हिरव्या दगडाची एक गुळगुळीत कुऱ्हाडही मिळाली. जवळजवळ सहा हजार वर्षांपूर्वी एवढ्या लांबून ती इथे पोचली होती.

आता पुन्हा मठाकडे. ११८४ मध्ये आगीने मठ खाक झाला. राजा दुसरा हेन्री बांधकामाला पैसे देत होता, पण ११८९ मध्ये तो वारला. त्याचा मुलगा रिचर्ड धर्मयुद्धाच्या तयारीला लागला आणि मदत आटली. अशा अडचणीच्या दिवसांत भिक्षूंना आर्थर सापडला. कोरलेल्या ओकच्या खोडात हाडं, सोबत शिशाचा क्रूस, त्यावर आर्थरचं आणि ॲव्हलॉनचं नाव. राणीच्या सोनेरी केसांची बट एका भिक्षूने उचलली आणि ती हातातच विरून गेली, अशी हकिकत त्या काळच्या जेराल्ड ऑफ वेल्सने लिहून ठेवली. राजसत्तेलाही हा शोध सोयीचाच होता. आर्थर एक दिवस परत येईल या आशेवर वेल्सची जनता होती. त्याची हाडं दाखवली की ती आशा खुंटते. १२७८ मध्ये पहिला एडवर्ड राणीसह इथे आला आणि ते अवशेष काळ्या संगमरवरी थडग्यात ठेवले गेले.

मठाच्या आवारात विसाव्या शतकात अनेकदा उत्खनन झालं. त्या सगळ्या नोंदी रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी नव्याने तपासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. आर्थरची कबर म्हणून दाखवला गेलेला खड्डा आर्थरशी जोडावा असं तिथे काहीच नव्हतं. शिवाय आगीनंतर भिक्षूंनी लेडी चॅपल मुद्दाम जुन्या धाटणीत बांधलं, म्हणजे मठाचं प्राचीनत्व डोळ्यांना दिसावं. पण त्याच तपासणीत पाचव्या-सहाव्या शतकातल्या भूमध्य सागराकडच्या रांजणांची खापरंही ओळखता आली. आर्थरचा काळ म्हणून जो सांगतात, त्या काळात इथे माणसं राहत होती आणि दूरदेशाहून त्यांच्याकडे माल येत होता. मला ही खापरं त्या शिशाच्या क्रुसाहून मोलाची वाटतात.

मठाचा शेवट मात्र शंभर टक्के खरा आणि क्रूर आहे. आठव्या हेन्रीने देशभरचे मठ मोडले. वेस्टमिन्स्टरच्या खालोखाल श्रीमंत असलेला हा मठ १५३९ मध्ये हाती लागला. ऐंशीच्या घरातला मठाधिपती रिचर्ड व्हाइटिंग याला लाकडी चौकटीवर बांधून गावातून फरफटत टॉरवर नेलं आणि दोन भिक्षूंसह फाशी दिलं. त्याचं मस्तक मठाच्या दारावर लावलं. टॉरवर चढून वारा खाताना, खाली गाव पाहताना, त्या म्हाताऱ्याने शेवटचं हेच दृश्य पाहिलं असेल, हे मनातून जात नाही. मठाचे दगड पुढे लोकांनी घरांसाठी नेले. मुदपाकखाना तेवढा धडधाकट राहिला. त्याचं उंच अष्टकोनी छप्पर जरूर पाहावं.

टॉरच्या पायथ्याशी दोन झरे आहेत. चॅलिस वेलचं पाणी लोहामुळे दगड तांबडे करतं. अंतिम भोजनातला येशूचा प्याला बायबलमधल्या ॲरिमथियाच्या जोसेफने इथे पुरला, म्हणून पाणी तांबडं, असं म्हणतात. पलीकडच्या व्हाइट स्प्रिंगमध्ये चुना आहे. चॅलिस वेलच्या बागेत जायला तिकीट लागतं, पण भिंतीबाहेरच्या नळाशी कुणीही बाटली भरून घेऊ शकतं. पाणी गार आणि तोंडात लोखंडाची चव ठेवणारं.

हाय स्ट्रीटवर धूप, स्फटिक, टॅरोची पानं, बुद्ध आणि गणपतीच्या मूर्ती एकाच काचेत दिसतात. जगप्रसिद्ध संगीत महोत्सव या गावाच्या नावाने ओळखला जातो खरा, पण तो इथून दहाएक किलोमीटरवर पिल्टनच्या शेतात भरतो.

निघण्याआधी एक झाड मात्र पाहाच. जोसेफने वेअरिऑल टेकडीवर काठी रोवली आणि तिला पालवी फुटली, अशी कथा. हा काटेरी हॉथॉर्न वर्षातून दोनदा फुलतो: वसंतात आणि नाताळच्या सुमारास. बी पेरलं तर हा गुण उतरत नाही. हापूसच्या कोयीतून हापूस मिळत नाही, तसंच. म्हणून कलमच करावं लागतं. सतराव्या शतकात कर्मठ प्युरिटनांनी झाड तोडलं, तरी कुणीतरी कलमं राखली. २०१० च्या डिसेंबरात एका रात्री टेकडीवरच्या झाडाच्या फांद्या कुणीतरी छाटून टाकल्या आणि सकाळी गावातली माणसं तिथे जाऊन रडली. पण तोवर त्याची भावंडं मठाच्या आवारात आणि सेंट जॉन्स चर्चपाशी वाढत होती. दर नाताळाआधी चर्चच्या झाडापाशी शाळकरी मुलं गाणी म्हणतात आणि त्यांच्यातलंच एक मूल फुललेली डहाळी कापतं. ती राजवाड्यात पाठवतात. त्या दिवसांत गेलात, तर उघड्या काटेरी फांदीवर तुरळक पांढरी फुलं दिसतील.