पिलांचा पार्व्हो रोग

कुत्र्याचें पिलूं घरीं आणण्याचा हट्ट आपणांपैकीं पुष्कळांनीं धरिला असेल व कांहींचा तो पुरविलाही गेला असेल. अशा घरांत पार्व्हो या रोगाची माहिती अवश्य असावी. १९७८ सालीं तो प्रथम ओळखला गेला आणि दोनएक वर्षांतच जगभर पसरला.

शरीरांत जेथें नव्या पेशी झपाट्यानें निर्माण होतात तेथेंच त्याचा विषाणु घाला घालतो. म्हणजे आंतड्याच्या अस्तरावर व हाडांतील मज्जेवर. त्यामुळें रोगाशीं झुंजणाऱ्या श्वेतपेशीही घटतात. पिलूं सुस्त होतें, अन्न टाकतें, ओकूं लागतें. मग दुर्गंधियुक्त, बहुधा रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात. अशा वेळीं घरगुती औषधांत दिवस घालविणें म्हणजे पिलूंच घालविणें होय. उपचारावांचून १० पैकीं सुमारें ९ पिलें दगावतात. परंतु पशुवैद्यानें वेळेवर शिरेवाटे क्षारयुक्त पाणी व इतर औषधें दिल्यास बहुतेक वांचतात.

"लस टोंचली होती, तरी पिलूं गेलें!" अशी तक्रार ऐकूं येते व लोक लशीस दोष देतात. वस्तुतः आईच्या चिकांतून पिलास जें संरक्षण मिळतें, तेंच लशीला निष्प्रभ करितें. हें संरक्षण कोणाचें ६ व्या आठवड्यांतच सरतें, कोणाचें १४ व्यापर्यंत टिकतें. बाहेरून कांहींच कळत नाहीं. आणि वाईट हें कीं, मधल्या कांहीं दिवसांत तें रोगास अडवूं शकत नाहीं, लशीस मात्र अडवितें! म्हणून ६ ते ८ आठवड्यांच्या वयापासून दर २ ते ४ आठवड्यांनीं लस टोंचवावी लागते, व शेवटची टोंचणी १६ आठवडे भरल्यावरच द्यावयाची असते. तोंपर्यंत रस्त्यावरील कुत्रीं जमतात तेथें पिलास नेऊं नये.

हा विषाणु मातींत महिनोन् महिने, प्रसंगीं वर्षभरही, टिकतो आणि आपल्या जोड्यांच्या तळव्यांस लागून घरांत येतो. (कुत्र्यांचा हा रोग माणसांस होत नाहीं, ही पालकांनीं खात्री बाळगावी.) साबणानें तो मरत नाहीं. फरशीवरील मळ आधीं धुऊन काढावा. नंतर १ भाग ब्लीच ३० भाग पाण्यांत मिसळून त्यानें ती १० मिनिटें ओली ठेवावी. मातीच्या अंगणास मात्र हा उपाय लागू पडत नाहीं. जेथें एक पिलूं दगावलें, तेथें वर्षभर दुसरें लहान पिलूं न आणणें बरें; आणावयाचेंच झाल्यास सर्व टोंचण्या पुऱ्या झालेलें आणावें.