निमज्जन सिलिंडरांचे परीक्षण

निमज्जन सिलिंडरांचे परीक्षण : पाण्याखाली श्वसनासाठी लागणारी संपीडित हवा ज्यांत साठवितात, त्या ॲल्युमिनियमी सिलिंडरांची सुरक्षितता ठरविण्याच्या पद्धती. झाक ईव्ह कूस्तो व एमील गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये श्वसनाच्या मागणीनुसार हवा पुरविणारे साधन तयार केले. त्यानंतर स्वयंपूर्ण श्वसनसाधनासह (स्कूबा) निमज्जनाचा प्रसार झाला. प्रारंभी पोलादी सिलिंडर वापरीत. १९७० नंतर खाऱ्या पाण्यात न गंजणारे ॲल्युमिनियमी सिलिंडर प्रचारात आले. महाराष्ट्रात मालवण तालुक्यातील (जि. सिंधुदुर्ग) तारकर्ली हे स्कूबा निमज्जनाचे प्रमुख केंद्र असून महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था तेथे आहे.

धोक्याचे स्वरूप : सर्वसामान्य ॲल्युमिनियमी सिलिंडरात सु. ११ लि. पाणी मावते व त्यात हवा सु. २०७ बार दाबाने, म्हणजे वातावरणीय दाबाच्या दोनशे पटींहून अधिक दाबाने, भरतात. आतील व्यास १६ सेंमी. धरल्यास केवळ तळावर सु. ४० टन भार पडतो. भित्ती फाटल्यास हवेत साठलेली ऊर्जा क्षणार्धात मुक्त होऊन धातूचे तुकडे दूरवर फेकले जातात. अशा दुर्घटना पाण्याखाली क्वचितच होतात; दाब वाढत असताना, म्हणजे भरणकेंद्रावर, त्यांचा संभव सर्वाधिक असतो. म्हणून सिलिंडराच्या परीक्षणाने पाणबुड्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, संरक्षण हवा भरणाऱ्या कामगाराला मिळते.

दोषांची कारणे : ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडाचा पातळ थर तयार होऊन धातूचे रक्षण होते. तथापि सिलिंडरात खारे पाणी शिरल्यास किंवा तळाच्या प्लॅस्टिक पादत्राणाखाली ते साचून राहिल्यास धातूला खड्डे पडतात. पितळी झडप व ॲल्युमिनियमी मान यांच्या सांध्यात मिठाचे पाणी असल्यास विद्युत् रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजते. उष्णतेचा परिणाम अधिक फसवा असतो. या मिश्रधातूंचे बल उष्णता संस्करणाने आलेले असते, सु. १७५° से. च्या वर तापल्यास ते घटते, मात्र बाह्य रूपात फरक दिसेलच असे नाही. त्यामुळे आगीत सापडलेले किंवा रंग पक्का करण्यासाठी भट्टीत तापविलेले सिलिंडर विश्वसनीय राहत नाहीत.

सर्वांत गंभीर दोष ६३५१ या क्रमांकाच्या मिश्रधातूत आढळला. ॲल्युमिनियम, सिलिकॉन व मॅग्नेशियमयुक्त या मिश्रधातूचे सिलिंडर अमेरिकेत १९७० नंतरच्या दोन दशकांत मोठ्या संख्येने बनविले गेले. सतत दाबाखाली राहिल्याने त्यांपैकी काहींच्या मानेत व खांद्यात सूक्ष्म तडे निर्माण होऊन ते हळूहळू वाढत गेले. सिलिंडर वापरात नसला, तरी भरलेला असताना ही क्रिया चालूच राहते. बहुतेक तड्यांतून प्रथम हवा गळते. परंतु काही सिलिंडर भरताना फुटून माणसे जखमी व मृत झाली. पुढे उत्पादकांनी ६०६१ हा मिश्रधातू स्वीकारला. त्यात हा दोष आढळलेला नाही. जुन्या सिलिंडराबाबत म्हणूनच पहिला प्रश्न त्याच्या वयाचा नसून मिश्रधातूचा असतो. खांद्यावर कोरलेले उत्पादकाचे चिन्ह, क्रमांक, निर्मितीचा महिना व वर्ष यांवरून त्याचे उत्तर मिळते.

परीक्षणाच्या पद्धती : (१) दृश्य तपासणी : सिलिंडर रिकामा करून झडप व पादत्राण काढतात. बाहेरून चरे, पोचे, फुगवटा व जळल्याच्या खुणा पाहतात. आत दिवा सोडून खड्डे, पांढरी भुकटी व ओलावा पाहतात, तर मानेचे आटे आरशाच्या साहाय्याने तपासतात. आट्यांचे मापही पडताळावे लागते. भिन्न मापाची झडप वरवर बसली, तरी दाबाखाली ती उडून प्राणघातक ठरू शकते.

(२) जलदाब परीक्षण : सिलिंडर पाण्याने भरून पाण्याच्याच बंद टाकीत ठेवतात व आतील दाब नेहमीच्या दाबाहून बराच वाढवितात. अमेरिकी मानकानुसार तो ५/३ पट, म्हणजे २०७ बारच्या सिलिंडरासाठी ३४५ बार असतो. सिलिंडर फुगल्यामुळे टाकीतून बाहेर सरलेले पाणी मोजतात. दाब काढल्यावर उरलेले कायम प्रसरण एकूण प्रसरणाच्या १० टक्क्यांहून अधिक असल्यास सिलिंडर बाद ठरतो. पाणी जवळजवळ असंपीड्य असल्याने परीक्षणात सिलिंडर फुटला, तरी हवेसारखा स्फोट होत नाही.

(३) विद्युत् परीक्षण : मानेच्या आट्यांत तारेचे वेटोळे असलेली शलाका फिरवितात. प्रत्यावर्ती प्रवाहामुळे धातूत एडी प्रवाह या नावाने ओळखले जाणारे भोवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होतात. तड्यापाशी त्यांचा मार्ग खंडित झाल्याचे उपकरण दर्शविते. आट्यांवरील ओरखड्यालाही उपकरण प्रतिसाद देत असल्याने परीक्षक अनुभवी असावा लागतो. अमेरिकेत २००६ मध्ये केलेल्या नियमाने ६३५१ मिश्रधातूच्या निमज्जन, श्वसनसाधन व ऑक्सिजन सिलिंडरांसाठी हे परीक्षण अनिवार्य झाले.

या पद्धती परस्परांना पर्याय नाहीत. जलदाब परीक्षणात संपूर्ण भित्तीचे प्रसरण मोजले जाते. जाड मानेतील लहान तड्याने त्यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. याउलट उष्णतेने मऊ झालेली भित्ती दृश्य तपासणीत निर्दोष भासते, पण जलदाबाने उघडी पडते. केवळ अलीकडची परीक्षण-तारीख कोरलेली आहे, एवढ्यावरून जुना सिलिंडर निर्धोक मानता येत नाही.

कायदेशीर तरतुदी : भारतात संपीडित वायूचे सिलिंडर १८८४ च्या स्फोटक अधिनियमाच्या कक्षेत येतात. त्याखालील १९४०, १९८१ व २००४ च्या नियमांनंतर सध्या वायुसिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत. त्यांची अंमलबजावणी पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना करते. तिचे मुख्यालय नागपूर येथे आहे. मुख्य नियंत्रकांची मान्यता नसलेला सिलिंडर भरता येत नाही. परदेशातून आणलेल्या जुन्या सिलिंडरालाही हे लागू आहे. हवा व ऑक्सिजन यांसारख्या स्थायी वायूंसाठी परीक्षणाचा कालावधी सर्वसाधारणपणे ५ वर्षांचा असतो.

ॲल्युमिनियमी सिलिंडर वैद्यकीय ऑक्सिजनासाठी व अग्निशामकांच्या श्वसनसाधनांसाठीही वापरतात. त्यामुळे वाशीमसारख्या (स्थापना १ जुलै १९९८) समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यातही या परीक्षणाचे महत्त्व कमी नाही. रुग्णालयात किंवा रुग्णवाहिकेत भरलेला सिलिंडर दीर्घकाळ पडून राहतो आणि सतत दाबाखाली वाढणाऱ्या तड्यांना अशी स्थिती अनुकूल असते. शिवाय ऑक्सिजन सिलिंडराच्या झडपेला तेल वा वंगण लागल्यास ते पेट घेऊ शकते. म्हणून परीक्षणानंतर तो पूर्णपणे स्वच्छ व कोरडा करणे आवश्यक असते.

बाद सिलिंडर : परीक्षणात अनुत्तीर्ण झालेला किंवा मूळ वजनात ५ टक्क्यांहून अधिक घट झालेला सिलिंडर पुन्हा भरण्यास नियमाने मनाई आहे. तो सपाट ठेचून किंवा तुकडे करून नष्ट करावा लागतो. केवळ झडप काढून तो भंगारात विकल्यास नवी झडप बसवून पुन्हा वापरात आणला जाण्याचा धोका उरतो व परीक्षणाचा हेतूच निष्फळ होतो.